पडद्यामागचा दुभाषी

'ड्रायव्हर' हा शब्द उच्चारतांच मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांपुढें रिक्षाचा अथवा बेस्टच्या बसचा चालक उभा राहतो, यांत नवल नाहीं. मागील दिवाळीच्या सुटीनंतर आम्हीं संगणकाच्या खोलींतील फळ्यावर "यंत्र क्रमांक ५ : ड्रायव्हर नाहीं" असें लिहिलें, तेव्हां नववीच्या वर्गांत हशा पिकला. पहिल्या बाकावरील एका विद्यार्थ्याचे वडील घाटकोपर स्थानकाबाहेर रिक्षा चालवितात. शेजाऱ्यानें त्यास "अरे, तुझ्या बाबांना बोलाव," असें सुचविलें होतें. तो मुलगा हंसला नाहीं. त्यानें उठून विचारलें, "सर, ड्रायव्हर नाहीं म्हणजे काय? यंत्र तर चालू आहे." या प्रश्नाचें नीट उत्तर त्या दिवशीं आमच्याजवळ नव्हतें. पुढें महिनाभर वाचून, विचारून व प्रयोग करून जें समजलें तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

हीं यंत्रें शाळेंत कशीं आलीं तें प्रथम सांगितलें पाहिजे. २०२५ सालीं १४ ऑक्टोबर रोजीं विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमींचा पाठिंबा संपला. तिच्यापुढची विंडोज ११ ही जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाहीं. तिला टीपीएम २.० नामक सुरक्षेची व्यवस्था व अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें धडधाकट असूनही निरुपयोगी ठरलेले संगणक अनेक कचेऱ्यांच्या कोपऱ्यांत सांचले. मुलुंडच्या एका कचेरीनें असे आठ संगणक आम्हांस देऊं केले. आम्हीं न घेतले तर ते भंगारांत जाणार होते. त्यांपैकीं चारांत वेगळें ग्राफिक्स कार्ड बसविलेलें होतें व चारांत चित्रें काढण्याची सोय प्रोसेसरच्या पोटांतच होती. शाळेच्या तिजोरीचा विचार करून आम्हीं आठांवरही लिनक्स ही मुक्तस्रोत सिस्टिम चढविली, कारण तिला दाम पडत नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या वेळीं 'मुक्त' या शब्दाचा 'फुकट' याहून अधिक अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता.

शनिवारीं शाळा सुटल्यावर अर्धा तास खेळण्याची परवानगी मुलांस दिली. शिक्षकांच्या खोलींत या गोष्टीवरून थोडी कुजबूज झाली. परंतु मैदान नसलेल्या शाळेनें मुलांचें खेळणें हा अपराध मानावा, हें आम्हांस पटत नाहीं. मुलांनीं 'सुपरटक्सकार्ट' नांवाचा गाड्यांच्या शर्यतीचा मुक्त खेळ निवडला. मग एक चमत्कार दिसून आला. ज्या चार यंत्रांत निराळें कार्ड नव्हतें, म्हणजे जीं आम्ही गरीब समजत होतों, त्यांवर गाड्या सुरळीत धांवूं लागल्या. आणि ज्यांत मोठ्या पंख्याचें कार्ड मिरवीत होतें, त्यांवर गाडी एक पाऊल पुढें टाकी, थांबे, पुन्हा एक पाऊल टाकी. क्रमांक ५ चें यंत्र तर इतकें तापलें कीं त्याच्या पंख्याचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यांत ऐकूं येऊं लागला.

हा असा उलटा न्याय कां झाला, हें कळण्यासाठीं आधीं एक गणित सोडवूं. साधारण पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे प्रकाशबिंदु असतात. त्यांचा गुणाकार २०,७३,६०० होतो. चित्र हलतें आहे असा डोळ्यांस सुखकर भास व्हावयाचा असेल तर तें सेकंदास सुमारें ६० वेळां नव्यानें काढावें लागतें; म्हणजे एका सेकंदांत १२,४४,१६,००० बिंदूंचे रंग ठरवावयाचे. शिवाय एका बिंदूचा रंग ठरविण्यास एकच बेरीज पुरत नाहीं. उजेड कोणत्या बाजूनें येतो, समोरची भिंत मागच्या झाडास झांकते कीं काय, गाडीवर चिकटविलेलें चित्र किती वांकडें दिसेल, अशा कित्येक गोष्टींचा हिशोब प्रत्येक बिंदूपाठीं असतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या विद्वान शिक्षकासारखा आहे. कठीण उदाहरण तो झपाट्यानें सोडवील. परंतु सकाळच्या प्रार्थनेस उभ्या असलेल्या हजार मुलांच्या वह्यांत त्यानें एकट्यानें एकेक बेरीज करावी म्हटलें तर त्याचा दिवस मावळेल. ग्राफिक्सची चिप म्हणजे तीं हजार मुलेंच होत. एकेकाची बुद्धि बेताची, पण एका शिट्टीसरशीं सर्वजण आपापली बेरीज करून मोकळे होतात.

आतां या हजार मुलांशीं बोलावयाचें कोणत्या भाषेंत? येथेंच सारी मेख आहे. प्रत्येक कंपनीच्या चिपेची भाषा निराळी; इतकेंच नव्हे, तर एकाच कंपनीची नवी पिढी निघाली कीं तिची बोली जुन्या पिढीहून वेगळी होते. खेळ लिहिणाऱ्यानें या साऱ्या बोली शिकाव्या, अशी अपेक्षा करणें वेडेपणाचें ठरेल. म्हणून मध्यें एक सामाईक भाषा योजिली जाते. १९९२ सालीं सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीनें ओपनजीएल नांवाची अशी भाषा जाहीर केली. २०१६ सालीं तिच्या मागून व्हल्कन आली. खेळ या सामाईक भाषेंत बोलतो आणि ती ऐकून चिपेच्या बोलींत सांगणारा जो दुभाषी, तोच ड्रायव्हर. त्याचें एक अंग ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नलमध्यें बसतें. कार्डाच्या स्मृतीची वांटणी करणें, कामें क्रमानें लावणें, पडद्याचा आकार ठरविणें हीं कामें तें पाहतें. दुसरें अंग गाभ्याबाहेर राहतें, आणि खेळाच्या आज्ञांचें चिपेच्या यंत्रभाषेंत भाषांतर तें करितें. लिनक्सवर हें दुसरें काम बहुतांशीं 'मेसा' नामक आज्ञावली करिते. ब्रायन पॉल या अमेरिकन गृहस्थानें १९९३ सालीं ती फावल्या वेळांत लिहावयास घेतली होती.

दुभाषीच नसेल तर काय होतें? कज्जा थांबत नाहीं; विद्वान शिक्षकच हजार मुलांचें काम आपल्या अंगावर घेतो. मेसामध्यें यासाठीं 'एलएलव्हीएमपाइप' नांवाची तजवीज आहे. कार्डाशीं बोलणें अशक्य झाल्यास ती सर्व चित्रें मुख्य प्रोसेसरकडूनच रंगवून घेते. क्रमांक ५ चें यंत्र तापलें तें यामुळें. रिक्षावाल्याच्या त्या मुलानें पुढच्या शनिवारीं 'जीएलएक्सइन्फो' ही आज्ञा टंकून यंत्रासच विचारलें, "चित्रें कोण काढतो?" आणि पडद्यावर हेंच लांबलचक नांव उमटलें. मग शोध घेतां दोष कोणाचा निघाला? आमचाच. सिस्टिम चढवितांना त्या चार यंत्रांचा पडदा काळा पडला होता, म्हणून एका जुन्या टिपणांत वाचल्याप्रमाणें आरंभींच्या आज्ञेंत 'नोमोडसेट' असा शब्द आम्हीं घातला होता. या शब्दाचा अर्थ असा कीं, गाभ्यांतील ड्रायव्हरनें पडद्याचा ताबा घेऊं नये. काम झाल्यावर तो काढावयाचा असतो. आम्ही तो काढावयास विसरलों. दुभाषी दाराबाहेर उभा होता आणि दाराला कडी आम्हींच घातली होती! तो शब्द पुसून यंत्र पुन्हा सुरू केलें तेव्हां गाड्या सुसाट सुटल्या. फळ्यावरचें वाक्य त्या मुलानें स्वतः जाऊन पुसलें.

परंतु त्याचें समाधान झालें नाहीं. "सर, हा ड्रायव्हर कोणी लिहिला? कार्ड करणाऱ्या कंपनीनें का?" असें त्यानें विचारलें. प्रश्न लहान दिसतो. पण कोणतें यंत्र किती वर्षें जगणार हें याच्या उत्तरावर ठरतें. कारण दुभाषी जर केवळ कंपनीचा चाकर असेल, त्याची पोथी कुलपांत असेल, तर कंपनी त्यास ज्या दिवशीं कामावरून काढील त्या दिवशीं चांगलें कार्डही मुकें होईल. पोथी जर सर्वांसमोर उघडी असेल, तर तिची पुढची पानें कोणीही लिहूं शकेल.

मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा उगमच एका ड्रायव्हरपाशीं आहे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस गंमतीची वाटली. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचें लेझर छपाईयंत्र आलें होतें. त्यांत कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या तरुणानें पूर्वींच्या यंत्रास अशी युक्ति जोडली होती कीं, कागद अडकतांच ज्याचें काम खोळंबलें असेल त्यास सूचना मिळे. नव्या यंत्रास ती जोडण्याकरितां त्याची मूळ आज्ञावली पाहिजे होती. पण ज्याच्याजवळ ती होती त्यानें ती कोणास न देण्याचें वचन कंपनीस दिलेलें असल्यामुळें त्यानें नकार दिला. स्टॉलमन ही गोष्ट विसरले नाहींत. १९८३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं ग्नू ही मुक्त सिस्टिम रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९९१ मध्यें हेल्सिंकी विद्यापीठांतील लिनस टोर्व्हल्ड्‌स या विद्यार्थ्यानें लिहिलेला लिनक्स हा गाभा तिला येऊन मिळाला.

छपाईयंत्राचा कागद हातानें तरी सोडवितां येतो. ग्राफिक्स कार्डाचें तसें नाहीं. म्हणून या चळवळीची खरी कसोटी लागली ती खेळांच्या मैदानांत. पत्र लिहिण्यास वा हिशोब करण्यास अर्धवट ड्रायव्हरही चालतो. खेळ मात्र चिपेकडून तिची सारी शक्ति मागतो आणि त्यास लहानशी चूकही खपत नाहीं. तिघां मोठ्या चिपकारांनीं या कसोटीस तीन तऱ्हेनें तोंड दिलें. इंटेलनें आपले लिनक्सवरील ड्रायव्हर उघडेच ठेविले. एएमडीनें २००६ मध्यें एटीआय ही कार्डांची कंपनी विकत घेतली, आणि २००७ च्या सप्टेंबरांत आपल्या चिपांचीं माहितीपत्रकें खुलीं करण्याचें व मुक्त ड्रायव्हरास साह्य करण्याचें जाहीर केलें. एनव्हिडियानें निराळा मार्ग धरिला. तिचा लिनक्सवरील ड्रायव्हर वेगवान होता, पण बंद होता. जसा दिला तसा घ्यावा, आंत डोकावूं नये, असा तो प्रकार होता.

या बंद दारावर कांहीं स्वयंसेवकांनीं जो उद्योग केला तो शास्त्राच्या विद्यार्थ्यानें अवश्य समजून घेण्याजोगा आहे. माहितीपत्रक नाहीं, आज्ञावली नाहीं. मग चिपेची बोली शिकावयाची कशी? त्यांनीं बंद ड्रायव्हरासच बोलावयास लाविलें. एक अगदीं साधें काम, समजा एक त्रिकोण काढणें, त्याच्याकडून करवून घ्यावयाचें. कामापूर्वीं कार्डाच्या स्मृतींत काय होतें व कामानंतर काय झालें तें टिपून घ्यावयाचें. मग त्रिकोणाचा रंग तेवढा बदलून पुन्हा तेंच. दोन्ही टिपणांत जो अंक बदललेला दिसेल तो रंगाचा, हें उघड झालें. गाभा आणि कार्ड यांच्यामधून जाणारा प्रत्येक निरोप टिपून घेणारी एक आज्ञावलीही त्यांनीं रचिली. मोडी लिपीचा जुना कागद वाचतांना एकच नांव दोन ठिकाणीं शोधून अक्षरें लावीत जावें, तसलेंच हें चिकाटीचें काम. या ड्रायव्हराचें नांव 'नूव्हो', म्हणजे फ्रेंच भाषेंत 'नवा'. आरंभ करणाऱ्या फ्रेंच गृहस्थानें 'एनव्ही' हीं दोन अक्षरें टंकलीं असतां त्याच्या यंत्रानेंच आपण होऊन तो शब्द सुचविला, अशी त्या नांवाची कथा आहे. २०१० सालीं नूव्हो लिनक्सच्या गाभ्यांत दाखल झाला.

तरी वैमनस्य संपलें नाहीं. २०१२ च्या जून महिन्यांत फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांत एका श्रोत्यानें याविषयीं विचारलें असतां टोर्व्हल्ड्‌स यांनीं एनव्हिडियास उद्देशून भर सभेंत जी मुद्रा केली व जे शब्द उच्चारले, ते आमच्या शाळेंत कोणी उच्चारले तर त्यास मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभें राहावें लागेल. शब्द त्याज्य होते. तक्रार मात्र खोटी नव्हती. पुढें अडचण वाढली. २०१४ च्या अखेरीपासून निघालेल्या एनव्हिडियाच्या कार्डांना आंतील सूक्ष्म आज्ञावलीवर कंपनीची सही असल्याखेरीज ती चालेना. सही मिळाल्यावांचून नूव्होस चिपेचा वेग वाढवितां येईना. कार्ड जागें होई तें आपल्या किमान वेगावर, आणि तेथेंच राही. बोली शिकलेला दुभाषी दारांत येऊन उभा, पण पहारेकरी त्यास परवाना विचारतो, अशी ही दशा झाली.

यानंतर वारा फिरला. २०२२ च्या मे महिन्यांत एनव्हिडियानें आपल्या ड्रायव्हराचें गाभ्यांत बसणारें अंग खुल्या परवान्याखालीं प्रसिद्ध केलें. तें २०१८ पासूनच्या ट्युरिंग पिढीस व तिच्या पुढील पिढ्यांस उपयोगी पडतें. त्यांत एक मख्खी आहे, ती विसरतां कामा नये. या चिपांत एक स्वतंत्र लहानसा प्रोसेसर असून पूर्वीं ड्रायव्हर करी तीं बरींच कामें आतां त्याच्या पोटांतील बंद आज्ञावली करिते. कुलूप अगदीं गेलें नाहीं; तें आंतल्या दाराला लागलें. तथापि याच सोयीचा आधार घेऊन २०२४ च्या आरंभीं आलेल्या लिनक्स ६.७ या गाभ्यांत नूव्होस नव्या कार्डांचा पूर्ण वेग मिळविण्याची वाट सांपडली. आणि मेसामधील 'एनव्हीके' हा नवा मुक्त ड्रायव्हर त्याच वर्षीं नित्याच्या वापरास योग्य ठरला. नूव्होची धुरा अनेक वर्षें वाहणारे बेन स्केग्ज हे २०२४ सालीं खुद्द एनव्हिडियाचे नोकर म्हणून त्याच ड्रायव्हराचे लेख पाठवूं लागले. दाराबाहेरून किल्ली घडविणारा कारागीर घरांतच कामास लागला, हा दैवयोग म्हणावयाचा! मधल्या पिढ्यांचें दुर्दैव मात्र टळलें नाहीं. मॅक्सवेल व पास्कल या पिढ्यांच्या कार्डांस ५८० क्रमांकाची बंद ड्रायव्हराची मालिका ही शेवटची, असें कंपनीनें २०२५ मध्यें कळविलें आहे. आणि मुक्त ड्रायव्हरास त्यांतील बहुतेक कार्डांचा वेग वाढविण्याची मुभा नाहीं.

याच्या जोडीला दुसरें चित्र पाहा. इंटेलच्या २००६ ते २०१३ या काळांतल्या जुन्या चिपांसाठीं २०२१ सालीं मेसामध्यें 'क्रोकस' नांवाचा अगदीं नवा ड्रायव्हर आला. तो रेड हॅटमधील डेव्ह एअरली यांनीं लिहिला. ज्या चिपा विकून कोणास एक पैसाही मिळण्याची आशा उरली नव्हती, त्यांच्यासाठीं नवा दुभाषी! याच गृहस्थानें २०१६ मध्यें बास न्यूव्हनहाउझन यांच्या साह्यानें एएमडीच्या कार्डांकरितां 'रॅडव्ही' हा व्हल्कनचा ड्रायव्हर कंपनीची वाट न पाहतां लिहिला होता. तो पुढें इतका सरस ठरला कीं, २०२५ मध्यें एएमडीनें आपला स्वतंत्र मुक्त ड्रायव्हर बंद करून रॅडव्हीसच आपला आधार दिला. आमच्या 'गरीब' यंत्रांवर गाड्या पहिल्याच दिवशीं कां धांवल्या, याचें मर्म येथें आहे.

आतां खेळांकडे वळूं, कारण मुलांचा खरा प्रश्न तोच असतो. बाजारांतील बहुतेक खेळ विंडोजसाठीं लिहिलेले असतात व ते डायरेक्ट थ्री-डी या मायक्रोसॉफ्टच्या भाषेंत बोलतात. ती लिनक्सला ठाऊक नाहीं. म्हणून एक दुभाषी पुरेना, दोन लागले. आपल्या न्यायालयांत साक्षीदार तमिळ बोलतो, एकजण तें हिंदींत सांगतो, दुसरा मराठींत उतरवितो, तसेंच. १९९३ पासून चालत आलेला 'वाइन' हा प्रकल्प विंडोजच्या इतर आज्ञांची सोय लावी. परंतु चित्रांचें भाषांतर फार मंद होतें. २०१७ च्या अखेरीस फिलिप रेबोले या जर्मन तरुणानें एक आवडता जपानी खेळ आपल्या लिनक्सवर खेळतां यावा एवढ्याच इच्छेनें डायरेक्ट थ्री-डीचें व्हल्कनमध्यें रूपांतर करणारी 'डीएक्सव्हीके' ही आज्ञावली लिहावयास घेतली. खेळण्याच्या हौसेनें एवढें कार्य केलेलें आमच्या कुजबुजणाऱ्या सहकाऱ्यांच्या कानीं घालण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं. स्टीम या खेळांच्या पेढीची मालक वाल्व्ह कंपनी. तिनें त्यास हाताशीं धरिलें, आणि २०१८ च्या ऑगस्टांत वाइन व डीएक्सव्हीके एकत्र करून 'प्रोटॉन' बाहेर काढिलें. २०२२ च्या फेब्रुवारींत तिचें हातांत धरून खेळण्याचें स्टीम डेक हें यंत्र निघालें, त्यांत लिनक्स व एएमडीची चिप आहे. स्टीमवर खेळणाऱ्यांत लिनक्सचा वांटा २०२५ च्या ऑक्टोबरांत प्रथमच शेंकडा तीनच्या वर गेला. आंकडा लहान आहे; दहा वर्षांपूर्वीं तो शेंकडा एकाच्या आसपास होता.

तथापि सर्वच खेळ चालतात असें सांगून आम्ही कोणास फसवूं इच्छीत नाहीं. व्हॅलोरंट हा आमच्या दहावीच्या मुलांचा आवडता खेळ लिनक्सवर चालत नाहीं, फोर्टनाइटही नाहीं. येथें ड्रायव्हर निर्दोष आहे. लबाडी पकडण्यासाठीं त्या खेळांबरोबर जो पहारेकरी येतो, तो विंडोजच्या गाभ्यांत शिरून बसतो. मालकाच्या मर्जीप्रमाणें बदलतां येणाऱ्या गाभ्यावर त्याचा विश्वास नाहीं. एपेक्स लेजंड्स तर आधीं लिनक्सवर चाले; २०२४ च्या ऑक्टोबरअखेर याच कारणानें तो बंद झाला. उलट '०ए.डी.' हा प्राचीन राज्यांच्या लढायांचा मुक्त खेळ आमच्या आठांही यंत्रांवर चालतो, आणि त्यांत मौर्यांचें हत्तीदळ आहे, म्हणून इतिहासाच्या शिक्षकांनींही एक शनिवार आमच्या खोलींत घालविला.

पुष्कळ माजी विद्यार्थी लॅमिंग्टन रोडवर कार्ड विकत घेण्यापूर्वीं आमच्याकडे चौकशी करितात. त्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, खोक्यावर छापलेला आंकडा पाहून भुलूं नये. चिप कोणत्या पिढीची आहे तें विचारावें. जुन्या पिढीची चिप नव्या खोक्यांत घालून वर्षानुवर्षें विकली जाते, आणि ड्रायव्हराचें आयुष्य चिपेच्या पिढीवरून मोजलें जातें, तुमच्या खरेदीच्या पावतीवरून नव्हे. लिनक्सवर खेळावयाचें असेल तर एएमडीचें वा इंटेलचें कार्ड निर्धास्त घ्यावें. एनव्हिडियाचें घेणें असल्यास ट्युरिंगच्या आधीचें नसावें. वापरलेलें कार्ड घेतांना दुकानांतच मुक्त सिस्टिमची पेन ड्राइव्ह लावून पाहावी. दुकानदार कुरकुरतो, पण गिऱ्हाईक हातचें जाईल म्हणून लावूं देतो.

या सर्व हकीकतींत आपल्या प्रांताचें कांहींच नाहीं, असें मात्र समजूं नये. पुण्यास १९८८ सालीं सीडॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली, आणि तिनें 'जिस्ट' नांवाचें कार्ड प्रचारांत आणिलें. त्या काळच्या संगणकास देवनागरी ठाऊक नव्हती. हें कार्ड आंत खोंचलें कीं त्याच पडद्यावर मराठी अक्षरें उमटत. आपली लिपि पडद्यावर आली ती कार्डाच्या खांद्यावर बसून. पुढें २००० च्या सुमारास कांहीं मुंबईकर मंडळींनीं 'इंडलिनक्स' हा उद्योग आरंभिला, भारतीय भाषा मुक्त सिस्टिमवर आणण्यासाठीं. आज जोडाक्षरें जुळविण्यास निराळें कार्ड लागत नाहीं. तें काम खुल्या आज्ञावल्या करितात. पवईच्या आयआयटींत 'फॉसी' व 'स्पोकन ट्युटोरियल' हे दोन प्रकल्प मुक्त आज्ञावलींच्या प्रसारासाठीं चालले आहेत. दुसऱ्यानें लिनक्सचे पाठ मराठी आवाजांतही तयार केले आहेत. आमच्या मुलांनीं आज्ञा टंकण्याचे पहिले धडे त्यांवरूनच घेतले. पवई आमच्या शाळेपासून बसनें अर्ध्या तासावर आहे. तरी मुलांपैकीं कोणी त्या संस्थेच्या फाटकांतून आंत गेलेला नव्हता. या वर्षीं त्यांस घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे.

रिक्षावाल्याच्या मुलाच्या घरीं संगणक नाहीं. तो शनिवारीं सर्वांच्या मागून जातो, आणि जातांना खिडक्या लावतो. जानेवारींत त्यास असें आढळलें कीं, क्रमांक ७ च्या यंत्रावर एका शर्यतींतील समुद्राचें पाणी निळें न दिसतां काळ्या चौकटींचें दिसतें. इतर यंत्रांवर तें ठीक आहे. मुक्त ड्रायव्हर लिहिणारांची एक सार्वजनिक नोंदवही असते. तींत कोणीही दोष नोंदवावा व कोणीही उत्तर द्यावें. तो अल्पवयी असल्यानें नोंद आमच्या नांवानें केली. मजकूर सर्वस्वीं त्याचा. चिपेचें नांव, गाभ्याचा क्रमांक, मेसाचा क्रमांक, काय केलें असतां काय दिसलें, सोबत पडद्याचें चित्र. आमच्या इंग्रजीच्या बाईंनीं त्यांतील व्याकरणाच्या दोन चुका दाखविल्या. तिसरी त्यांच्याही नजरेंतून निसटली. नवव्या दिवशीं उत्तर आलें. कोण्या अपरिचित मनुष्यानें लिहिलें होतें कीं, नोंद स्पष्ट आहे, आभार. आपल्याकडील आवृत्ति जुनी दिसते, नवी चढवून पुन्हा पाहावें.

आवृत्ति जुनी होती, कारण सुटीनंतर आम्हीं ती अद्ययावत केलीच नव्हती. पुढच्या शनिवारीं त्यानें ती चढविली. यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत दहा-बारा मुलें त्याच्या पाठीशीं दाटी करून उभीं राहिलीं. शर्यत सुरू झाली, गाडी वळणावरून समुद्राकांठीं आली, आणि पाणी निळें होतें. कोणीतरी मागून म्हणालें, "ड्रायव्हर आला!" या खेपेस तोही हंसला, आणि खुर्ची सोडून त्यानें शेजाऱ्यास खेळावयास बसविलें.